काकांच्या गाडीचं डावं-उजवं

शशीकाकांची शेवटची लाँग ड्राइव्ह माझ्यामुळे राहिली.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन. आता तरी कबूल करतो.

इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात आमच्या शेजारी राहायचे. गाड्यांच्या बॉडी बनवणारे रिटायर्ड इंजिनिअर. गराजमध्ये साठच्या दशकातली इटालियन ग्रँड टूरर, लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढे लांबलचक इंजिन, मागे बरोबर दोन बॅगांची जागा.

काका म्हणायचे, "रेस जिंकायला नाही रे ही. दोन माणसं दिवसभर सुसाट गेली तरी कंबर दुखू नये. दोन्ही एकत्र जमवणं, हेच खरं इंजिनिअरिंग!"

उजव्या फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, तडे गेले होते. मी म्हटलं, काका, मी करतो ना!

मी पडलो कॅडवाला, कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा. डावा फेंडर स्कॅन केला, स्क्रीनवर मिरर केला, त्यावरून उजवा बनवून आणला. जुना तोवर कापूनही टाकला.

नवा बसेना. दाराशी बोटभर फट.

काका आधी हसले. "अरे शहाण्या, डावी बाजू एका कारागिराने ठोकली, उजवी दुसऱ्याने. माणसांत डावं-उजवं करू नये. इथे करावंच लागतं!"

काकांच्या हार्टच्या ऑपरेशनआधी काकूंना घेऊन चार-पाच तासांवरच्या मॅकिनॉ पुलापर्यंत जायचं ठरलं होतं. बॅगासुद्धा भरून तयार.

ट्रिप कॅन्सल केली. "पुढच्या समरला जाऊ रे," एवढंच म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशननंतर ते घरी आलेच नाहीत.

मग वर्षभर दर शनिवारी काकांच्याच लाकडी हातोडीने पत्रा ठोकत बसलो. तीनदा वाया गेला.

माझी लेक म्हणाली, "डॅड, जस्ट प्रिंट इट!"

अगं बाई, तोच तर शहाणपणा केला होता!

काल फेंडर बसला. दाराशी अजून नखभर फट आहे. काकांच्या जुन्या फोटोत बघितलं, तिथेही आहे.

आज सकाळी काकू गराजमध्ये आल्या. हातात दोन बॅगा. काकांची त्यांनी वर्षभर उघडलीच नव्हती.

दोन्ही मागे ठेवल्या. सीटवर बसल्या, पदर सावरला.

"चल. चालव आता."

काका, सॉरी. फार उशीर केला मी.

काकूंना पुलापर्यंत नेतोय. तुमची बॅगही घेतली आहे.

नमस्कार करतो.