काकांचा कोटा

आमच्या चाकणच्या कंपनीत मालक कोणीही असो, सर्व्हरवरची मालकीण मी आहे. युनिक्सच्या घराण्यात या मालकाला रूट म्हणतात. डिझाइनच्या मॅनेजर साहेबांना स्वतःच्या केबिनचं दार हवं तेव्हा आपटता येतं, पण दुसऱ्याचा फोल्डर बघायचा झाला तर त्यांना माझ्या टेबलापाशी यावं लागतं. हे त्यांना आवडत नाही आणि मला फार आवडतं.

कंपनी डाय बनवते, म्हणजे गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायचे लोखंडी साचे. डिझाइनच्या हॉलमध्ये पोरंपोरी दिवसभर संगणकावर हे साचे काढत बसतात, आणि एकेक ड्रॉइंग असं खादाड असतं की डिस्क कितीही मोठी आणा, दिवाळीपर्यंत भरते. त्या वर्षी ती गणपतीच्या आधीच भरली. साहेबांनी मला बोलावलं आणि वाकडच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याला जसे मीटर बसवले तसे इथेही बसवा, म्हणाले. माणशी कोटा. ज्याने त्याने आपल्या मापात राहायचं.

मला काय, हुरूपच आला. कोणाचं डिस्कवर किती सामान आहे याचा हिशेब कर्नल ठेवतो. कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. त्याच्याशी थेट बोलायचं तर सिस्टीम कॉल करावा लागतो, आणि या कामाचा सिस्टीम कॉल वेगळा आहे, कोटा-सीटीएल नावाचा. त्याला सांगायचं: काय करायचंय, कुठल्या डिस्कवर, कोणाच्या नंबरासाठी आणि उत्तर कुठे ठेवायचं. माणसाला तो नावाने नाही, नंबराने ओळखतो. बस्स. तयार कमांडही मिळतात, पण त्यांचा गिचमिड तक्ता साहेबांना दाखवला की तो पुन्हा मलाच समजावून सांगावा लागतो. म्हणून पिंपळे गुरवच्या घरी रविवारी पोहे खात खात मी सी भाषेत आपला एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव दिलं की माणसाचा वापर दाखवायचा, आकडा दिला की मर्यादा लावायची. त्यावर मी इतकी खूष होते की नवऱ्याला दोनदा चालवून दाखवला. त्याने दोन्ही वेळा छान म्हटलं आणि चटणी मागितली.

मर्यादा दोन असतात. एक सॉफ्ट, म्हणजे आईचं पहिलं "झोपा आता". ती ओलांडली तरी लगेच काही होत नाही, सवलतीचे काही दिवस मिळतात. दुसरी हार्ड, तिथे एक अक्षरही जास्त लिहू देत नाहीत. आणि सवलतीचे दिवस संपले की सॉफ्टचीच हार्ड होते. आम्ही सवलत एका आठवड्याची ठेवली आणि हार्ड सध्या कोणालाच लावली नाही.

सोमवारी प्रोग्रॅम चालवला तर सगळ्यात वर काका. नुसते वर नाही, बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी काकाच जड.

काका हॉलमधले सगळ्यात जुने डिझायनर, ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलने काढायच्या काळापासूनचे. आळंदी रस्त्यावरच्या एका जुन्या गावचे. निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती आणि त्यांना आणखी एक वर्ष हवं होतं. कंपनी कधी कधी देते असं वर्ष, साहेबांनी शिफारस केली तर. काका ते लपवून ठेवत नसत. "घरी बसून काय करू पोरी? सूनबाई कामाला जाती, नातू शाळंत. मी आन टीव्ही. आठ दिसांत टीव्हीलाच माझा कंटाळा यायचा," म्हणायचे.

साहेबांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघितलंत मॅडम? जुनी माणसं. काही म्हणून टाकून देत नाहीत. अशांना अजून वर्षभर ठेवायचं म्हणजे अजून एक डिस्क आणायची. त्यांना सांगा, आठवड्यात मर्यादेच्या आत आले तर एक्स्टेन्शनचं बघू. नाहीतर नारळ."

निरोप मी पोचवला. माझं तोंड निरोप्याचं नाही, ते वाकडं झालेलं काकांना दिसलंच असणार. ते मात्र शांतपणे कामाला लागले. त्यांच्या फोल्डरमध्ये होतं काय? जुने तक्ते, बेअरिंगची मापं, नातवाच्या बारशाचे फोटो, गावच्या भजनी मंडळाच्या पावतीचं डिझाइन. त्यांनी सगळं पुसलं. फोटो पुसताना मात्र मला बोलावून पेन ड्राइव्हवर काढून घेतले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, "बघ गं, उतरला का?"

आकडा वाढला होता.

"असं कसं? मी फेकतोय आन ह्यो चढतोय?"

"काका, कर्नल खोटं बोलत नाही," मी म्हणाले.

"त्यो न्हाई बोलत, मी बी न्हाई बोलत. मग मधी कोन हाय?"

प्रश्न बिनतोड होता. मी काकांच्या नंबराच्या फायली सगळ्या डिस्कवर शोधायला लावल्या आणि चहाला गेले. परत येऊन पाहते तर पडदा धो धो वाहतोय. काकांच्या फोल्डरमध्ये काही नव्हतं, पण सगळ्या प्रोजेक्टांत काकाच काका. कोटा मोजताना फाईल कुठे ठेवली आहे हे कर्नल बघत नाही, ती कोणाच्या मालकीची आहे एवढंच बघतो. आणि मालक तो, ज्याने ती पहिल्यांदा बनवली. नंतर तिच्यात दुसऱ्या कोणी कितीही भर घातली तरी वजन पहिल्याच्याच डोक्यावर.

पण बारा जणांच्या बारा प्रोजेक्टांतल्या फायली काकांनी का बनवल्या असतील? मी हॉलमध्ये जाऊन विचारलं. पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. शेवटी लातूरकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, काकांचा हातगुण चांगला आहे ना. त्यांनी सुरुवात करून दिलेली डाय पहिल्या ट्रायलला पास होते. आपण केली की पत्रा फाटतो."

म्हणजे असं की नवीन जॉब आला की पोरं काकांना उठवून आणायची. काका त्यांच्या मशीनवर आपलं लॉगिन टाकायचे, फाईल उघडायचे, मधली रेघ आणि खालची प्लेट काढून द्यायचे, सेव्ह करायचे आणि "चालू द्या" म्हणून निघून जायचे. पुढे महिना-महिना पोरं त्याच फायलीत राबायची. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली पोरं ही. मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर काकांचा अभिमानही वाटला.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग मीच करून देतो की ज्याच्या त्याच्या नावावर." ते होत नाही. आपली फाईल दुसऱ्याच्या नावावर करायची मुभा साध्या माणसाला नसते, नाहीतर जो तो आपलं ओझं शेजाऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळा होईल. ते काम रूटचं, आणि साहेबांच्या परवानगीशिवाय मी प्रोजेक्टच्या फायलींना हात लावत नाही.

मी साहेबांकडे गेले. हे काकांचं सामान नाही, पोरांचं काम आहे, सवलत संपली की काकांचं नाही तर सगळ्या हॉलचं काम थांबेल, हे सगळं नीट सांगितलं. साहेब मोबाइलमध्ये बघत ऐकत होते. "मॅडम, हातगुण वगैरे रिपोर्टमध्ये लिहू का मी? तुम्ही काकांची बाजू घेताय. नियम सगळ्यांना सारखा."

मला राग आला. पण रागाच्या भरात मी फार शिस्तीत वागते. बरं सर, म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

सोमवारी चहाच्या सुट्टीनंतर सवलत संपली. पहिल्यांदा लातूरकडची मुलगी म्हणाली, सेव्ह होत नाहीये. मग तिच्या मागचा. मग खिडकीजवळची रांग. प्रत्येकाच्या पडद्यावर एकच ओळ: कोटा संपला. स्वतःच्या कोट्यात मुबलक जागा असलेली पोरं डोकं धरून बसली, कारण ज्या फायलीत ती लिहीत होती ती काकांची होती. हॉलमध्ये एकच माणूस कामात होता. काका कागदावर पेन्सिलने कसलासा पंच, म्हणजे साच्याचा वरचा ठोकळा, काढत होते.

साहेब धावत आले. "काय झालं? काढा ती लिमिट. आत्ताच्या आत्ता."

"किती ठेवू?"

"काहीच ठेवू नका."

मी काकांच्या नावापुढे शून्य टाकलं. कर्नलच्या भाषेत मर्यादा शून्य म्हणजे मर्यादाच नाही. हॉल पुन्हा टकटक वाजायला लागला. मला वाटलं, आता काकांचं वर्ष पक्कं.

कसलं काय. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "त्या सगळ्या फायली ज्याच्या त्याच्या नावावर करून टाका. असं पुन्हा व्हायला नको. आणि एकदा ते झालं की काकांवाचून काही अडत नाही, बरोबर?"

तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. त्याचंच मला वाईट वाटलं. शनिवारी हॉल रिकामा असताना मी बसले, तर काका स्वतःहून शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट, एकेक ओळ टाइप करायची आणि काकांची मालकी निघून जायची. शेवटी माझा प्रोग्रॅम चालवला. काकांच्या नावापुढे जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

"झालं व्हय? येवढ्यात?" काका म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. एवढ्या वर्षांचं काम पुसायला वेळ लागायला हवा होता, असं मला वाटत राहिलं. काका म्हणाले, "तोंड पाडू नको. चल, वडापाव खाऊ."

पुढच्या आठवड्यात नवीन ग्राहकाचा जॉब आला. मोठा होता, दरवाजाचा पत्रा. साहेबांच्या सांगण्यावरून पोरांना मी बजावून ठेवलं होतं की फायली आपल्या आपण बनवा, काकांनी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी साहेब ग्राहकाच्या माणसांना घेऊन हॉल दाखवायला आले आणि जॉब कुठपर्यंत आला म्हणून विचारलं. लातूरकडची मुलगी म्हणाली, आज करते सर. शेजारचा म्हणाला, बसतोच आहे. फोल्डरसुद्धा उघडलेला नव्हता. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या काकांकडे. काकांनी मान वर केली नाही. परवानगी नव्हती ना.

ग्राहकाच्या माणसांसमोर साहेबांना काय काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. मग ते स्वतः कोपऱ्यात गेले आणि म्हणाले, "काका, एवढं सुरू करून द्या. आणि जाताना केबिनमध्ये या, तुमच्या पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करायची आहे."

काका उठले. मुलीच्या मशीनवर त्यांनी आपलं लॉगिन टाकलं, नव्या जॉबचा रिकामा फोल्डर केला आणि तिथूनच मला हाक मारली, "बघ गं पोरी, किती चढलं माझ्या नावावर?"

मी प्रोग्रॅम चालवला. रिकामा फोल्डरही थोडी जागा खातोच.

"चार किलोबाइट, काका."

"चाललं," ते म्हणाले, आणि मधली रेघ काढायला वाकले.