अकरा शब्दांनंतरची ओळ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा घेऊन उठून जाणारा माणूस. आजही तसाच आहे. तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाही... एक ओळ आहे, आणि ती माझ्याच हातची आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी वसई गावातल्या पोस्टात तारमास्तर होतो. यंत्राची कट्-कट् कानांनी वाचायची आणि फॉर्मवर ओळीमागून ओळ उतरवायची, एवढंच काम. अर्थ लावत बसलं की पुढची अक्षरं निसटतात, म्हणून डोकं बाजूला ठेवायचं. आधी शब्दांची संख्या येते, मग मजकूर, मग संपल्याची खूण. खूण आली की हात थांबतो. शब्द मोजायचे, जुळले की पोच द्यायची.

उमेळ्याचा दामोदर रोज दुपारी चौकशीला यायचा. पानवेलीची वाडी होती त्याची. वडील मुंबईला इस्पितळात, जवळ बहीण आणि मेहुणा. त्या दिवशी तो चिखलाच्या पायांनीच आला. गावातल्या कुणीतरी मुंबईहून येऊन सांगितलं होतं, म्हातारा काही बरा दिसत नाही.

साडेबाराला तार आली. पत्ता धरून अकरा शब्द. वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा, असा इंग्रजीत मजकूर. संपल्याची खूण आली. मी पेन्सिल उचलली, तोच यंत्र पुन्हा वाजलं आणि सवयीने हात चालला. अक्षरं इंग्रजी, शब्द मात्र मराठी – बैल सोडून ये.

मी मोजले. चौदा. मुंबईला उलट विचारलं. उत्तर आलं, अकराच, पुढे काही पाठवलेलं नाही. नियमाप्रमाणे त्या ओळीवर एक काट मारली – खालचं वाचता येईल अशीच मारायची असते – आणि बाजूला सही केली.

दामोदरला इंग्रजी येत नव्हतं. मी तार वाचून दाखवली आणि म्हटलं, "दामूभाऊ, दोनची गाडी मिळेल. सरळ स्टेशन गाठा."

त्याने काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "मास्तर, हे काय?"

"ते तुमचं नाही."

"मग कोणाचं?"

मी ती ओळ वाचून दाखवली. तो हळूच म्हणाला, "बैल रहाटालाच जुंपलेला हाय. मी तसाच आलो. घरात कोणी नाय."

उमेळं स्टेशनच्या वाटेतच, पण आत वाडीत जाऊन यायचं म्हणजे पाऊण तास. गाडी चुकणार. मी चिडून म्हणालो, "अहो, बाप वाट बघतोय तिकडे. बैलाचं कुणीतरी बघेल." तो आधी वाडीकडेच निघाला. मला त्याचा राग आला होता, हे कबूल करतो.

महिन्याभराने तो पोस्टात आला. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. मी विचारलं, "भेट झाली का?"

"नाय. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं." मी मान खाली घातली. तो म्हणाला, "दोनची मिळाली असती तरी झाली नसती, मास्तर. बाबा सकाळी सातलाच गेले. मेव्हण्याने तारेत तसं घातलं नाय, एवढंच."

हे मला कळायला हवं होतं. तारेत 'गेले' असं फारसं कुणी लिहीत नसे, 'अत्यवस्थ' लिहीत. अशा कितीतरी तारा माझ्या हातून गेल्या होत्या.

"आणि बैल?"

"पाय विहिरीच्या काठावरून घसरला होता. जू मानेत रुतलेलं. आनखी थोडा उशीर झाला असता तर गेलाच होता." मग म्हणाला, "बाबा आयुष्यात मला एकाच गोष्टीवरून बोलले. बैल जुंपलेला ठेवून जातो म्हणून."

मी पुष्कळ तर्क केले. दुसऱ्या कुणाच्या तारेचा मजकूर मध्येच मिसळला असेल, एखाद्या तारमास्तराने चेष्टा केली असेल. पण बैल जुंपलेला होता हे दामोदरशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो तर माझ्यासमोर उभा होता.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या फॉर्मच्या पोस्टात ठेवलेल्या नकलेवर बोट ठेवून काट मारल्याचं कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'ऐकण्यात चूक'. सगळ्या नोकरीत जाणूनबुजून खोटं लिहिलं ते तेवढंच. खरं काय लिहायला हवं होतं, ते मला अजून माहीत नाही.