खरवसाची वाटी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो गेला, त्याला कळलंच नाही. तुला सांगतेय, पण माझी कीव करत बसू नकोस. मला ती सोसत नाही.

जोगळेकरसाहेब मला डोळ्यांसमोर नको असायचे. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ आणि क्वार्टरमध्ये शेजारी — म्हणजे सकाळ-संध्याकाळ तेच तोंड. कारखान्यांचं क्रोम मिसळलेलं पिवळं पाणी पिंपांतून यायचं. मी टाक्यांत जलपर्णी सोडून ते स्वच्छ करून दाखवलं. पाण्यातलं विष रोपांत जातं, इतकं साधं. अहवालावर नाव मात्र त्यांचं. आयत्या बिळावर नागोबा — दुसरं काय म्हणायचं?

विष प्यालेली रोपं काढून सिमेंटच्या खड्ड्यात टाकायची असत. खड्डा भरला. नवा हवा तर साहेबांची सही हवी. मी त्यांच्यापुढे हात पसरायचा? मी? त्याच सुमारास आमच्या दूधवाल्याने, जवळच्या मुनिरका गावातल्या भगतने, कुंपणापलीकडून विचारलं, "मॅडमजी, ये फेंक रहे हो? भैंसें खा लेंगी." उन्हाळा होता, हिरवा चारा मिळत नव्हता. मी म्हटलं, "ले जाओ. किसी को बोलना मत."

हे शेवटचे शब्द लक्षात ठेव. नकळत घडलं, असं मला म्हणता येत नाही.

मनाशी म्हणत राहिले — विष मुळांत राहतं, पानांत कमी जातं, दुधात कितीसं उतरणार? मोजता आलं असतं. यंत्र माझ्याच खोलीत होतं. मोजलं नाही. घरी मात्र भगतचं दूध बंद करून डेअरीच्या बूथवरचं सुरू केलं. जोगळेकरवहिनींनी कारण विचारलं, तर मी म्हणाले, "पातळ असतं हो हल्ली." "अच्छा? आम्हाला तर ठीक लागतं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्याकडे तेच चालू राहिलं. त्यांची मिनी पेलाभर दूध पिऊन शाळेच्या बसकडे पळायची. मी गॅलरीतून बघायचे.

का गप्प बसले? नोकरीची भीती होती, हो. पण खरं सांगू — त्या घराचं वाईट व्हावं, असं मला वाटायचं. आणि मिनी? तिने माझं काय वाकडं केलं होतं?

पुढे त्यांची बदली झाली. मिनी कशी आहे, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

वाटीचं सांगायचं राहिलं. ते सगळे इथेच असताना भगतची म्हैस व्याली. दिल्लीत चीक मिळतो कुठे, म्हणून वहिनींनी मोठ्या कौतुकाने खरवस केला आणि मला वाटी आणून दिली. आमचं बोलणं जेमतेम, तरीही. "तुम्हाला आवडतो ना, म्हणून मोठी वडी ठेवली." मी दार लावलं, खरवस कुस्करून मोरीत सोडला, वर बादलीभर पाणी ओतलं. वाटी रिकामी परत करू नये, म्हणून तिच्यात साखर भरली आणि शेजारचं दार वाजवलं.

मिनीने उघडलं. तिच्या ओठांना खरवस लागला होता.

"आईला सांग, छान झाला होता," मी म्हणाले, आणि वाटी तिच्या हातात दिली.