सुतळी सोडणारे सर

नायगावच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या सरांच्या खिशात खडू कमी आणि सुतळीचे तुकडे जास्त असत. शिपाई आवारातली रोपं काठ्यांना करकचून बांधायचा आणि सर येता-जाता गाठी सोडायचे. कुणीच हरलं नाही. दोन वर्षं हा खेळ आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघितला.

"वारा झोंबू दे की त्याला," सर म्हणायचे. "खोडातल्या पेशीला वाकणं कळतंय. कळलं की तीच खोड जाड करती. बांधून ठिवल्यावर तिला काय कळावं?" शिपायापुढे हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, पण ताण आणि दाब बरोबर समजतो, एवढं एक प्रकरण सर वर्षभर पुरवून शिकवत. बाकीचा अभ्यासक्रम आम्ही गाईडांवर उरकला.

त्याच सुमारास मोटारसायकलवरून पडून माझी नडगी मोडली. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं. पण आई खाटेवरून उतरू देईना आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. सर भेटायला आले.

"हाडातबी पेशी हायत, वहिनी," ते आईला म्हणाले. "वजन पडलं तर त्या हाड भरत्यात. निस्तं झोपवून ठिवलं तर हाय तेबी झिजतंय." मग माझ्यापुढे दोन्ही हात धरले. "ऊठ."

मी बोंबललो, पण चार पावलं टाकली. आज लातूरला नोकरीसाठी रोज बसमागे धावतो, ते त्या चार पावलांच्या जिवावर.

गेल्या वर्षी सर घरात पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा पुन्हा पडू नयेत म्हणून मुलाने त्यांच्या कमरेवरून जुनं लुगडं घेऊन खाटेला बांधलं होतं. मुलगा वाईट नव्हता. "डॉक्टर चालवा म्हणतेत," तो म्हणाला, "पर पडले तर?" आणि चहा ठेवायला आत गेला.

सरांचे पाय काटक्या झाले होते. त्यांनी माझ्यापुढे दोन्ही हात धरले.

"सोड."

"आराम करा, सर," मी म्हणालो.

त्यांनी हात मागे घेतले. चहा होईपर्यंत ते पंख्याकडे बघत राहिले.

दोन महिन्यांनी सर गेले. चालले असते तर जगले असते, असं मी म्हणत नाही. पण मला माझी लाज वाटते. गाठ माझ्या बाजूलाच होती आणि एका हाताने सुटण्यासारखी होती.