बाजाराला फेरा घालणारी मडमबाई

मुलांनो, इंग्लंडमधल्या ज्या सॉल्झबरीत तुम्ही आता राहता, तिथली एक बाई मी घाटंजीत रोज पाहत असे. मी तेव्हा, साठ सालच्या सुमाराला, शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि ती दवाखान्यात नर्स होती. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे तिला मडमबाई म्हणत.

आठवडी बाजारात ती हात पाठीमागे बांधून आधी पूर्ण फेरा घाले, मगच वांग्यांपुढे उकिडवी बसे. तांड्यावरून येणारी भाजीवाली ओरडे, "फेरा मारल्याबिगर हिले वांगे गोड लागत नाही!"

"माझी आई अशीच करायची," मडमबाईनं मला सांगितलं होतं. "आधी कॅथेड्रलला, आमच्या मोठ्या चर्चला फेरा, मग मंगळवारचा बाजार."

फेरा झाला की मडमबाई आणि भाजीवाली वांग्यांच्या भावावरून मनसोक्त भांडत.

मडमबाईची नोकरी संपली. ती कायमची परत निघाली, त्या शेवटच्या बाजाराला मात्र भाजीवाली भांडेचना. "काहून जाऊन राह्यली वो? इथं करमत नाही काय?"

मडमबाईनं एक वांगं उचललं, दाबून पाहिलं, परत ठेवलं. "करमते ना. तिथं सारे भाव पाटीवर लिहून असते. माह्यासंगं भांडल कोन?"

भाजीवालीनं पदरानं डोळे पुसले आणि तोच पदर कमरेला खोचला. "मंग आज भांडून घे. म्हन, माहे वांगे किडके हायेत!"

अर्धा बाजार ऐकायला जमला.

तुम्ही मंगळवारी बाजारात जाल तेव्हा आधी कॅथेड्रलला फेरा घाला, मग पाटी न बघता भाव करा. भाजीवाला गोंधळेल. घाटंजीची रीत आहे म्हणून सांगा, आणि मागे हटू नका.