ओठांवर वेगळंच

मधुरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डार्विन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होते. तिच्या नवऱ्याने एवढंच सांगितलं, की सकाळी झोपेतच... दीड वर्षं दुखणं चालू होतं. तरी मी हातातली फाइल उलटी धरून बराच वेळ तशीच उभी राहिले.

आपल्याकडची मुलं शिकायला भराभर ऑस्ट्रेलियाला येत होती, त्या काळात मधुरा आणि मी मेलबर्नला आलो. वेरिबी नावाच्या उपनगरात एका खोलीत राहायचो. सगळ्यांसारखं तिनेही पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळेल म्हणून अकाउंटिंग घेतलं होतं. वर्षभरात ते सोडून ती सिनेमाच्या अभ्यासाकडे वळली, आणि पुण्यात एकटे राहणाऱ्या तिच्या बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र मूकपटांच्या शेवटच्या काळातल्या, आता कुणाला आठवतही नसलेल्या एका इटालियन दिग्दर्शकाच्या मागे लागली. "इतरांच्या नायिका पडदे धरून कोसळतात गं," ती म्हणायची, "याची नुसती टेबल पुसते आणि आपल्याला रडू येतं. कसं करतो हा?"

उत्तर मिळालं ते नोकरीत. ती वृद्धाश्रमात शिफ्ट करायची. तिथे नव्वदीच्या एक इटालियन आजी होत्या, लहानपणापासून बहिऱ्या, ओठ बघून बोलणं ओळखणाऱ्या. एका आर्वोला, म्हणजे तिकडच्या बोलीत दुपारी, मधुराने त्यांना लॅपटॉपवर त्या दिग्दर्शकाचा सिनेमा दाखवला. घर सोडून गेलेला नवरा दारात येऊन उभा राहतो, बायको काहीतरी बोलते आणि पडद्यावर मजकुराची पाटी येते: ‘मी तुला क्षमा केली.’ आजींनी मान हलवली. ती असं म्हणतच नाहीये, त्या म्हणाल्या. ती विचारतेय, जेवलास का?

मधुराने तो प्रसंग पुन्हापुन्हा लावला. आजींचं उत्तर तेच. क्षमा दिग्दर्शकाने पाटीवर ठेवली होती आणि नटीच्या तोंडी रोजचं, घरातलं वाक्य दिलं होतं. म्हणून तो चेहरा इतका खरा होता.

हे मला सांगता सांगताच, युनिफॉर्मही न बदलता, तिने पुण्याला फोन लावला. दोन वर्षांनी.

"बाबा, जेवलात का?"

पलीकडून काका म्हणाले, "आत्ताच बसतोय. तू?"

कोर्सचा विषय दोघांनीही काढला नाही. पीआर मिळायला पुढे सहा वर्षं लागली; पण तिने त्या दिग्दर्शकावरचा प्रबंध सादर केला, तेव्हा काका पहिल्या रांगेत बसले होते.

दर रविवारी दुपारी त्यांचा तिला फोन असायचा. ती गेल्यानंतरच्या रविवारी त्याच वेळेला माझा फोन वाजला. काकांनी तिचं नावही घेतलं नाही. मेथी केली होती, जरा खारट झाली, म्हणाले. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं, मग वर ताक घेतलंत ना?