कुमुदमावशींची गोटी

"माशिमा स्वतःच तिरक्या चालतात, मग त्यांना बिल्डिंग सरळ कशी दिसणार?"

लिफ्टपाशी उभे राहून सान्यालबाबू बाबांना हे हिंदीत सांगत होते, आवाज अगदी खाली आणून. सान्यालबाबू आमच्या बिल्डिंगच्या कमिटीचे सेक्रेटरी. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते आणि माझ्या मागच्याच पायरीवर कुमुदमावशी. त्यांनी ऐकलं. कठडा धरून त्या सावकाश परत खाली आल्या आणि स्वच्छ बंगालीत म्हणाल्या, "माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी कलले. बिल्डिंगचं कुठलं ऑपरेशन झालं, सान्यालबाबू?"

बाबा फोनमध्ये काहीतरी शोधू लागले. सान्यालबाबू हसले. मी पिशवीतल्या दुधी भोपळ्याकडे बघत राहिले. अशा वेळी कुठे बघायचं हे मला लहानपणापासून चांगलं जमतं.

कुमुदमावशी आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जन्म कोलकात्याचा, भवानीपूरचा. उभी हयात इथल्या एका मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. मराठी त्यांनी स्वतःच्या आईच्या तोंडून उचललेली आणि बाकी सगळं बंगाली, त्यामुळे त्या म्हणायच्या, "आधी चहा खा, मग बोल." माझी आई हे ऐकून पहिल्यांदा हसली, तेव्हा म्हणाल्या, "इथे चहा खातात, पाणी खातात, सिगारेटसुद्धा खातात. पोट भरल्याशी कारण." अख्खी बिल्डिंग त्यांना बंगालीत मावशी म्हणून माशिमा नाहीतर नुसतं माशी म्हणे. त्यावरही त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "माशी म्हणता ना? मग मी घोंघावणारच."

त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी त्या पर्समधून काचेची हिरवी गोटी काढायच्या आणि ती जमिनीवर ठेवायच्या. ठेवायच्या म्हणजे माझ्याकरवी ठेववायच्या. ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नव्हतं आणि मला चारचौघांत बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमची जोडी बरी जमली. गोटी क्षणभर थबकायची, जणू विचार करायची, आणि मग घरंगळत जाऊन भिंतीला टेकायची. मावशी मान हलवायच्या. "सांगून कळत नाही, घरंगळून कळतं."

सॉल्ट लेकच्या कालव्यापलीकडची आमची ही वस्ती. जुने लोक सांगतात की बिल्डिंगच्या पूर्वेला पुकुर होता, बऱ्यापैकी मोठं तळं. ते बुजवलं, वर माती पसरली आणि त्याच्या काठावर आमच्या प्रोमोटरने, म्हणजे बिल्डरने, चार मजले उभे केले. दोन वर्षांपूर्वी बाथरूममधलं पाणी जाळीकडे जायचं सोडून कोपऱ्यात साचू लागलं. आमच्या फ्रिजचं दार आपोआप उघडायला लागलं. बाबांनी त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारला आणि विषय संपवला.

गेल्या दुर्गापूजेनंतर, विजयेच्या भेटी सुरू झाल्या, तेव्हा मावशींनी मला बोलावून घेतलं. दशमीनंतर इथे लहानांनी मोठ्यांकडे जायचं, पाया पडायचं, नारळाचे लाडू खायचे, अशी रीत. मावशी बिल्डिंगमध्ये सर्वांत मोठ्या. त्यांनी घरी बसून नमस्कार घ्यायचे. पण त्या म्हणाल्या, "यंदा मीच जाणार. विजयेला आलेल्या माणसाला कुणी दारातून परत पाठवत नाही." मग चार मजले आम्ही दोघींनी पालथे घातले. प्रत्येक घरी लाडू, आणि प्रत्येक घरी गोटी. ती प्रत्येक घरी पूर्वेच्या भिंतीकडेच गेली, बुजलेल्या तळ्याच्या दिशेने.

पण मला गोटीपेक्षा दुसरंच काही दिसत होतं. गोटी ठेवायला मी खाली वाकायची, आणि खाली वाकलेल्या माणसाला कपाटांचे पाय दिसतात. कुणाच्या कपाटाखाली पुठ्ठा, कुणाच्या पलंगाखाली फरशीचा तुकडा. एका घरी सुताराकडून दाराला रंधा मारून घेतला होता, कारण ते मिटेना. आणि सान्यालबाबूंच्या घरी देव्हाऱ्याखाली चक्क घडी केलेला टॉवेल. सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकाने आपापल्या घरापुरतं जग सरळ करून घेतलं होतं.

जिन्यात मी हे मावशींना सांगितलं. त्या थांबल्या. "हे तू बघितलंस? मग कमिटीत सांग."

"बाबा म्हणतात, आपण बाहेरचे. फ्लॅटची किंमत पडली तर लोक आपल्याला बोल लावतील. इंजिनियरने घर रिकामं करा म्हटलं तर जायचं कुठे?"

"बाबांचं कळलं. तुझं काय?"

मी इंग्रजीत पुटपुटले की आय ॲम इन्क्लाइन्ड टु ॲग्री विथ यू. शाळेपासून हा शब्द माझ्या फार सोयीचा. त्याच्या आड उभं राहता येतं. हो म्हटलेलं नसतं, नाहीही म्हटलेलं नसतं.

"इन्क्लाइन्ड?" मावशी म्हणाल्या. "माझ्या वर्गात इन्क्लाइन्ड फक्त फळी असायची. ती कलते, कारण कुणीतरी तिचं एक टोक उचलून धरलेलं असतं. तुझं कुणी धरलंय?"

मला हसू आलं. मराठीत त्याला काय म्हणतात, असं मी विचारलं, मुख्यतः विषय बदलावा म्हणून.

"कल. जमिनीचा कल, मनाचा कल. निकालाच्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर दाखवतात तोही कलच. पण कल मोजून कुणी निवडून येत नाही, रेवा. शेवटी मत मोजावं लागतं. तू मला कल नको सांगूस. मत सांग."

मी पुढची पायरी चढले. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मात्र पुढे अनेकदा, सेक्टर फाइव्हमधल्या माझ्या ऑफिसातून मी परतले की दारातून विचारायच्या, "काय गं, आज कुणाच्या बाजूला कललीस?" आणि मग, "ये, चहा खा."

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले, तेव्हा नर्सने पलंगाची डोक्याची बाजू उचलून ठेवली होती. मावशी तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाल्या, "बघ, आता मीच फळी झाले." ते त्यांचं शेवटचं बोलणं, निदान माझ्याशी. विजयेच्या भेटींपासून गोटी माझ्याच पर्समध्ये राहिली होती.

महिन्याभराने कमिटीची सभा भरली, खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आधी माशिमांसाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. सान्यालबाबूंचे डोळे खरोखरच ओले झाले होते, ते मी पाहिलं. मग चष्मा पुसून ते म्हणाले की भिंतींना बारीक तडे आहेत, ते बुजवून रंग लावून घेऊ. नगरपालिकेकडे जाऊन स्वतःच्या घराची बदनामी करण्यात अर्थ नाही.

मी पर्समध्ये हात घातला. गोटी थंडगार लागली. इथे सर्वांसमोर ती ठेवून द्यावी, एवढंच मनात होतं. बाकी ती सांगेल. मग माझी नजर जमिनीवर गेली. पार्किंगच्या कोब्याला मुद्दाम उतार दिलेला असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. इथे गोटी घरंगळली तरी त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हतं. मावशींनी तर ती इथे बाहेरसुद्धा काढली नसती.

"तर मग सर्वांचं एकमत आहे, असं धरू ना?" सान्यालबाबू म्हणाले.

खुर्च्यांमधून हुंकार उमटले. बाबांनीही मान डोलावली. मी उभी राहिले. बाबांनी माझी ओढणी हळूच खाली ओढली आणि मराठीत म्हणाले, "बस, रेवा. लोक बघतायत." तरी मी सरळ उभी होते. मी बंगालीत बोलले, म्हणजे समजलं नाही असं कुणालाच म्हणता येऊ नये.

"एकमत नाही. आपल्या सगळ्यांच्या कपाटांखाली पुठ्ठे आहेत, आमच्यासुद्धा. बिल्डिंग तळ्याच्या बाजूला कलली आहे. इंजिनियरला बोलवा. हे माझं मत आहे, लिहून घ्या."